हंगाम सरल्यावरचे महिने : गणवेश शिवणाऱ्या लहान कारखान्यासाठी शिकण्याची आखणी

सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या कारखान्याचं वर्ष शाळांच्या तारखांवर चालतं. डिसेंबर-जानेवारीत नमुने आणि दर ठरतात, फेब्रुवारीपासून मशीन धावू लागतात आणि एप्रिल-मेच्या उन्हात रात्री जागूनही माल पुरत नाही. कर्नाटकातल्या शाळा जूनच्या तोंडावर, तेलंगण-आंध्रातल्या १२ जूनच्या सुमारास आणि आपल्याकडच्या जूनच्या मध्याला उघडतात, म्हणून माल सोडण्याची घाई तीन-चार आठवडे तरी चालते. जुलैत तुटक साइजच्या फेरमागण्या येतात. ऑगस्टच्या मध्यानंतर मात्र निम्म्याहून जास्त मशीन कापडाने झाकून ठेवावी लागतात.

ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत मोजले तर पंधरा आठवडे होतात. त्यातून गणपती-गौरी, नवरात्र, दिवाळी वजा करा. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव असतो, तेव्हा शहराच्या पूर्वभागातला, म्हणजे पद्मशाली वस्तीतला कारागीर कामावर येणार नाही, हेही धरा. शिकवायला सलग मिळतात ते आठ-नऊ आठवडे. एवढ्यात सगळं शिकून होत नाही. गेल्या हंगामात तुमचं काम नेमकं जिथे अडलं, तेवढंच शिकायला घ्या. बाहेरचा एखादा तयार कोर्स आणून सगळ्यांना बसवलं की आठवडाभर उत्साह राहतो आणि फेब्रुवारीत जुन्याच चुका नव्याने होतात.

आधी गेल्या हंगामाची वही उघडा

पहिल्या आठवड्यात कोणालाही काही शिकवू नका. परत आलेल्या मालाच्या चलनांचा गठ्ठा, ऑल्टरची (उसवून दुरुस्त केलेल्या नगांची) नोंद, मजुरीची वही आणि पार्टीवार (गिऱ्हाइकागणिक) येणं-देणं एका टेबलावर मांडा. प्रत्येक तक्रारीपुढे पाच गोष्टी लिहा : काय बिघडलं, कोणत्या साइजला, किती नग, कोणत्या टप्प्यावर बिघडलं आणि त्यात किती रुपये गेले. ऑल्टरची नोंदच नसेल तर चेकिंगला बसणारी बाई आणि कटिंग मास्तर यांच्याशी अर्धा तास बोला. कोणता दोष रोज येत होता, हे त्यांना पाठ असतं.

वीस-पंचवीस ओळी झाल्या की माळ लागते. ३२ साइजची बाही सगळ्याच पार्टींनी आखूड सांगितली असेल, तर दोष ग्रेडिंगचा, म्हणजे एका साइजवरून बाकीच्या साइजचे पॅटर्न काढण्याचा. मरून ट्युनिकचा रंग पांढऱ्या पायपिंगला लागला असेल, तर कापड न तपासता कापलं गेलं. कॉलरला धुतल्यावर फुगे आले, तर फ्युजिंग, म्हणजे बकरम उष्णतेने चिकटवणं चुकलं. माल उशिरा गेला आणि त्याच वेळी चार कारागीर हातावर हात ठेवून बसले होते, तर कामाची वाटणी चुकली. रुपयांच्या क्रमाने लावून वरच्या तीन गोष्टी निवडा. चौथी पुढच्या वर्षी.

शिकण्याच्या तासाची मजुरी

बहुतेक कारखान्यांतलं शिक्षण इथेच फसतं. नगावर काम करणारी बाई शिकायला बसली की त्या तासापुरती तिची मजुरी बंद होते. शिवाय नवीन काम शिकताना हात हळू चालतो, म्हणजे पुढचे दोन आठवडेही नग कमी निघतात. मालकाला ते शिक्षण वाटतं, तिला पगारकपात. ती चार दिवसांनी येत नाही आणि मालक म्हणतो, कारागिरांना शिकायचंच नाही.

म्हणून शिकण्याच्या तासाला ठरावीक मजुरी द्या, नगाशी न बांधता. दर काढायला त्या कारागिराच्या गेल्या चार आठवड्यांच्या मजुरीला कामाच्या तासांनी भागा. उदाहरणादाखल, १२ कारागीर, आठवड्यातून ३ दिवस, रोज २ तास, ६ आठवडे, म्हणजे ४३२ तास. तासाला ६० रुपये धरले तर २५,९२० रुपये. ही रक्कम मोठी वाटली तर कारागीर ६ करा. मजुरी कापू नका. आणि ती उचलीत (आगाऊ घेतलेल्या पैशांत) वळती करू नका. शिकण्याचे पैसे जुन्या उचलीत गेले की कारागिराच्या लेखी ते मिळालेच नाहीत.

वेळ सकाळी पहिले दोन तास ठेवा. मंदीत थोडंफार जॉबवर्क येतं, ते दुपारी चालू दे. संध्याकाळी शिकवलं तर बायकांचं लक्ष घड्याळाकडे असतं, आणि ते रास्तच आहे.

प्रत्येकीच्या हाताला दुसरं काम

एका मोठ्या कागदावर डावीकडे कारागिरांची नावं आणि वर शर्टाची कामं लिहा : कॉलर तयार करणं, कॉलर लावणं, पुढची पट्टी, खिसा, खांदा, बाही जोडणं, बाजू बंद करणं, घेर दुमडणं, काज, बटण. प्रत्येक चौकटीत ०, १, २ किंवा ३ लिहा. ० म्हणजे येत नाही, १ म्हणजे कोणी शेजारी असेल तर जमतं, २ म्हणजे एकटीला नीट जमतं पण हळू, ३ म्हणजे नीट आणि पुरेशा वेगाने. हा तक्ता मालकाने एकट्याने भरू नये; कारागिरासमोर भरावा आणि शंका असेल तिथे पाच नग शिवून घ्यावेत.

आता उभ्या रकान्यांत बघा. ज्या कामाखाली २ किंवा ३ फक्त एकाच नावापुढे आहे, तिथे हंगामात कारखाना अडणार. बहुतेक ठिकाणी ते काम कॉलरचं निघतं. समजा, कॉलर तयार करायला एका बाईला सरासरी ३ मिनिटं लागतात. आठ तासांची ४८० मिनिटं, म्हणजे १६० कॉलर. मग बाकीच्या मशीनवर कितीही वेगवान हात असले तरी दिवसाला शर्ट १६०च निघणार. कॉलरवर अर्ध्या दिवसासाठी दुसरी बाई बसवली आणि शर्ट २०० झाले, तर काय फरक पडतो? भाडं, वीज, मास्तर, चेकर, हेल्पर, व्याज मिळून रोजचा ठरलेला खर्च ४,८०० रुपये असेल, तर तो शर्टामागे ३० वरून २४ रुपयांवर येतो. नगावरची मजुरी तशीच राहते, पण प्रत्येकीच्या हाती नग पाव पटीने जास्त येतात. हा हिशेब कारागिरांना फळ्यावर मांडून दाखवा. कशासाठी शिकायचं, हे तो आपोआप सांगतो.

शिकवायला सर्वांत वेगवान कारागीर निवडू नका. तिचा हात इतका सरावलेला असतो की ती काय करते हे तिला सांगता येत नाही. २ किंवा ३ वर असलेली, शांतपणे दाखवणारी निवडा आणि तिलाही त्या तासांची मजुरी द्या. पहिले दोन दिवस कात्रणावर सराव, नंतर गेल्या हंगामातल्या नाकारलेल्या भागांवर, मग खऱ्या कापडावर रोज २० नग. पहिल्या आठवड्यात घड्याळ लावू नका. वेग आधी मागितला की कॉलरचं टोक मारून नेण्याची सवय लागते, आणि ती नंतर मोडणं नव्याने शिकवण्यापेक्षा अवघड. दहा नगांपैकी नऊ चेकिंगमधून निघाले, की मगच वेळ मोजायला घ्या.

पूर्वभागातल्या कित्येक बायका घरी तेलुगू बोलतात, काहींना कन्नड जवळची. सूचना कागदावर मराठीत लिहून भिंतीला लावल्याने काम होत नाही. प्रत्येक कामाचा एक बरोबर आणि एक चुकलेला नग पुठ्ठ्यावर टाचा, चुकलेल्या जागी लाल धाग्याचा टाका घाला आणि तो पुठ्ठा त्या मशीनसमोर टांगा. शिलाईची रुंदी आणि इंचाला किती टाके, एवढे आकडे पुरे. गणवेशाच्या शर्टाला इंचात १० ते १२ टाके असावेत. ८ वर आले तर शिवण उसवते, १४ च्या पुढे गेलं तर धागा आणि वेळ दोन्ही जास्त जातात आणि शिवण गोळा होते.

सुईचंही शिकवून टाका, कारण एकच सुई सगळ्याला वापरायची सवय फार पसरलेली आहे. साध्या शिलाई मशीनला डीबीएक्स१ आणि ओव्हरलॉकला डीसीएक्स२७ जातीची सुई लागते. पॉलिस्टर-कॉटन शर्टिंगला ११ नंबर, सूटिंगच्या पँट-ट्युनिकला १४, पट्ट्याच्या लुप्यांसारख्या जाड जोडाला १६. शर्टिंगला १६ची सुई लावली तर शिवणीच्या कडेला भोकं दिसतात. जाड जोडाला ११ची लावली तर सुई तुटते किंवा टाका सुटतो. बॉबिनचा ताण बघायची रीत पाच मिनिटांत शिकवता येते : केससकट बॉबिन धाग्याला लोंबकळत धरायची आणि मनगटाने हलका झटका द्यायचा. थोडी खाली सरकून थांबली तर ताण ठीक. सरसर खाली गेली तर सैल, हललीच नाही तर घट्ट. हुकचं टायमिंग मात्र मेकॅनिककडेच राहू द्या.

वेळ कसा मोजायचा

मोबाइलमधलं घड्याळ पुरतं. कारागिराला आधी सांगा की हे दर कमी करण्यासाठी नाही, आणि तो शब्द पाळा. एकदा मोजणीनंतर दर उतरवला की पुन्हा कोणी खरा वेग दाखवणार नाही. एकाच कामाचे सलग १० नग मोजा. नग हातात घेतल्यापासून पुढचा हातात घेईपर्यंत एक फेरा. धागा तुटला, बंडल बदललं, असे फेरे सरासरीत धरू नका, पण बाजूला नोंदवा. सरासरीत बॉबिन भरणं, पाणी, थकवा यांसाठी १५ ते २० टक्के मिळवा. कॉलर लावायला सरासरी ६० सेकंद आली, तर २० टक्के मिळवून ७२ सेकंद. आठ तासांत ४०० नग. दर कामाचा हा आकडा त्याच मोठ्या कागदावर लिहिला की कोणतं काम कोणाला अडवतंय हे एका नजरेत दिसतं. बाजूला नोंदवलेले फेरे नंतर वाचा. दर दहात दोनदा धागा तुटत असेल, तर तो प्रश्न कारागिराचा नाही. धागा, सुई आणि ताण तपासा.

मास्तर आणि मालक यांनी शिकायचं ते कापड

सोलापूर चादर आणि टॉवेलचं गाव असल्याने ताणा-बाणा (कापडाचे उभे-आडवे धागे) इथे कोणाला शिकवावा लागत नाही. तरी गणवेशाचं कापड बाहेरून येतं, सूटिंग बरंचसं भिलवाड्याचं, आणि ते न तपासता थेट टेबलावर जातं. हंगामात तपासायला वेळ नसतो हे खरं. म्हणून तपासण्याचा हात मंदीत बसवायचा, म्हणजे फेब्रुवारीत प्रत्येक लॉटला तासाभराचं काम आणि रात्रभराचं वाळवणं एवढंच उरतं.

आटण्याची चाचणी अशी करा. ताक्याच्या टोकापासून दोन मीटर आत जा, काठ सोडा आणि ६० बाय ६० सेंटिमीटरचा तुकडा कापा. तो रात्रभर मोकळा पसरून ठेवा; गुंडाळलेलं कापड ताणलेलं असतं, लगेच मोजलं तर माप फसतं. मग मधोमध ५० बाय ५० सेंटिमीटरची खूण वेगळ्या रंगाच्या धाग्याने टाका, पेनाची धुण्यात जाते. ताण्याच्या दिशेला बाण काढायला विसरू नका. घरी धुतात तसं साबणाच्या कोमट पाण्यात, सुमारे ४० अंशांवर, अर्धा तास धुवा, सावलीत सपाट वाळवा, इस्त्रीने ओढू नका. दोन्ही दिशांना तीन-तीन ठिकाणी मोजून सरासरी घ्या. ५० चे ४८.८ झाले तर आटणं २.४ टक्के. १०० सेंटिमीटर लांबीच्या पँटीत ते जवळजवळ अडीच सेंटिमीटर होतं, म्हणजे पहिल्याच धुण्यात एक इंच गेला. पॅटर्नमध्ये तेवढी भर ताण्याच्या दिशेला वेगळी आणि बाण्याच्या दिशेला वेगळी घाला. दोन्हींकडे सारखी भर घालणं ही नेहमीची चूक. कापड ताण्याकडे बहुधा जास्त आटतं.

रंगाची चाचणी त्याच धुण्यात होते. तुकड्याच्या एका कडेला पांढऱ्या सुती कापडाची पट्टी शिवा आणि एकत्र धुवा. शिवाय कोरड्या आणि ओल्या पांढऱ्या कापडाने दहा-दहा वेळा घासून बघा. लागलेला रंग राखाडी छटांच्या ठरावीक पट्टीशी (ग्रे स्केल) ताडतात. तिच्यावर ५ म्हणजे डाग नाही आणि १ म्हणजे सर्वांत वाईट. मरून, नेव्ही, बाटली हिरवा यांच्या शेजारी पांढरं येणार असेल तर ४ च्या खालचं कापड घेऊ नका. ओलं घासल्यावर रंग लागतो आणि कोरडं घासल्यावर लागत नाही, असं खूपदा होतं, म्हणून ओली चाचणी टाळू नका.

वजनासाठी पुठ्ठ्याचा १० बाय १० सेंटिमीटरचा साचा आणि ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. तुकड्याच्या ग्रॅमना १०० ने गुणलं की चौरस मीटरचं वजन आलं. पाच ठिकाणचे तुकडे घ्या. मंजूर नमुन्याचा तुकडा तारीख आणि लॉट नंबर घालून जपून ठेवा. नंतर व्यापाऱ्याशी बोलताना तोंडी तक्रारीपेक्षा तोच कामाला येतो.

फ्युजिंगला अंदाज चालत नाही. बकरमच्या पाकिटावर किंवा व्यापाऱ्याच्या चिठ्ठीवर तापमान, सेकंद आणि दाब लिहिलेला असतो. बऱ्याचदा तो १३० ते १५० अंश आणि १० ते १८ सेकंदांच्या आसपास असतो. मशीनचा काटा खरं सांगतोच असं नाही, म्हणून तापमान दाखवणाऱ्या कागदी पट्ट्या दोन थरांमध्ये ठेवून डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे तपासा. अडीच सेंटिमीटर रुंदीची पट्टी चिकटवून पूर्ण थंड झाल्यावर ओढून बघा, मग तीन धुण्यांनंतर फुगे शोधा. तापमान जास्त झालं तर डिंक कापडातून वर येतो, कमी झालं तर धुण्यात सुटतो.

ग्रेडिंग आणि मांडणी

मास्तरचं ग्रेडिंग तपासायला साधी रीत आहे. एकाच भागाचे सगळ्या साइजचे पॅटर्न एकावर एक ठेवा, पुढच्या मधल्या रेषेला जुळवून. कोपरे एका दिशेने, सारख्या पावलाने बाहेर सरकत गेले पाहिजेत. एखाद्या साइजचा कोपरा आत किंवा बाहेर पडला तर चूक तिथे. छाती दर साइजला २ इंचांनी वाढते म्हणून चौथाई पॅटर्नमध्ये अर्धा इंच. पण गळा त्या मानाने फार कमी वाढतो. सगळीकडे सारखी भर घातली की मोठ्या साइजचे गळे पसरट होतात आणि टाय बसत नाही.

मंदीचा एक फायदा असा की शाळा चालू असतात. परवानगी घेऊन एखाद्या शाळेत इयत्ता तिसरी, सहावी आणि नववीतल्या मुलामुलींची छाती, खांदा, बाही आणि कमर घ्या, मुलींची मापं शिक्षिका किंवा तुमच्याकडची बाई घेईल असं बघा, नावं लिहू नका. जुना साइज चार्ट कुठे घट्ट झालाय ते या मापांत दिसतं.

कापडाची मांडणी किती चांगली आहे हे वजनाने मोजता येतं. कागदावर पूर्ण मार्कर (सगळ्या भागांच्या मांडणीचा आराखडा) आखा, भाग कापा, उरलेली कात्रणं तोला आणि एकूण कागदाच्या वजनाशी ताडा. शर्टात वाया जाणारा भाग १५ ते २० टक्क्यांत असावा. २५ च्या वर गेला तर मोठी आणि लहान साइज एकत्र घेऊन पुन्हा मांडा. चौकड्याच्या कापडाला हा नियम लागू नाही, चौकडी जुळवायला कापड जातंच. संगणकावर ग्रेडिंग शिकायचं असेल तर मंदीत यंत्र विकत घेऊ नका. पॅटर्न काढून छापून देणाऱ्याकडे तासाच्या दराने मास्तरला बसवा, तुमचाच एक शर्ट पूर्ण ग्रेड करून घ्या. त्यातून ते काम तुम्हाला वर्षात किती वेळा लागणार हे कळतं.

कागदपत्रांचं शिक्षण

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आहे आणि तिला शुल्क नाही. पैसे मागणाऱ्या दलालापासून दूर राहा. नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत देणं २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याने बंधनकारक आहे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज लागतं. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक छापा, माल स्वीकारल्याची सही-तारीख घ्या. उशिराची तक्रार एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर करता येते, पण जुन्या पार्टीशी आधी बोलून बघावं.

कारागिरांसाठी १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंप्याचा समावेश आहे. ५ ते ७ दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, १५,००० रुपयांपर्यंतचं साधनांचं साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज मिळतं. ही योजना स्वतःच्या हाताने स्वतंत्र काम करणाऱ्यांसाठी आहे, म्हणून घरी मशीन टाकून शिवणाऱ्या बायकांना ती सांगा. एका कुटुंबात एकालाच लाभ असतो. नोंदणी सामायिक सुविधा केंद्रात आधार घेऊन करायची. पडताळणी तीन पायऱ्यांतून जाते आणि वेळ खाते, म्हणून ऑगस्टपर्यंत न थांबता जूनअखेरीलाच अर्ज टाकायला सांगा.

डिसेंबरमधली चाचणी

सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा (जत्रा) भरण्याआधी, म्हणजे डिसेंबरात, शिकलेल्या हातांनी ३०० ते ४०० नगांची एक खरी ऑर्डर काढा. नवीन बाई कॉलरवर, जुनी तिच्या शेजारी. कापडाची चाचणी आधी, मांडणी तोलून, वेळ मोजून. माल तयार झाल्यावर २८१ ते ५०० नगांच्या लॉटमधून ५० नग कुठूनही उचला : ३ पर्यंत मोठे दोष निघाले तर लॉट पास, ४ निघाले तर पूर्ण लॉट पुन्हा तपासा. ५०१ ते १,२०० नगांना ८० नग उचलायचे, ५ पर्यंत पास, ६ ला नापास. वरवरचे चांगले बंडल निवडून तपासलं तर या आकड्यांना अर्थ उरत नाही.

त्याच आठवड्यात दुसऱ्या कामाचा दर ठरवून वहीत लिहा. कॉलर शिकलेल्या बाईला तिच्या जुन्या कामापेक्षा कॉलरवर तासाला कमी सुटत असेल, तर एप्रिलमध्ये ती कॉलरवर बसणार नाही. मोजलेल्या वेळेवरून दोन्ही कामांचा तासाचा हिशेब सारखा येईल असा दर लावा आणि पहिले दोन आठवडे हात बसेपर्यंत फरक भरून द्या.